आपल्याच माणसांकडची मजुरी

१९८२च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कच्या चायनाटाउनमधल्या शिलाई कारखान्यांच्या मालकांनी एक हिशेब मांडला आणि तो साफ चुकला. युनियनच्या नव्या करारावर सही करायची नाही, असं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ठरवलं होतं. मशीनवर बसणाऱ्या बायका चिनी, मालकही चिनी. बायकांना इंग्रजी जेमतेम येणार, पदरी लेकरं, नवरे कुठल्या ना कुठल्या चिनी हॉटेलात राबणारे. अशा बायका गोऱ्या पुढाऱ्यांच्या युनियनसाठी आपल्याच माणसांविरुद्ध रस्त्यावर कशाला येतील? आपण सगळे चिनी आहोत, घरातलं घरात मिटवू, असं आवाहन मालकांनी चिनी वर्तमानपत्रांतून केलं. २४ जूनला कोलंबस पार्कमध्ये सुमारे २० हजार कामगार जमले. त्यात बहुतेक बायकाच होत्या.

या गर्दीमागे शंभर वर्षांचा इतिहास होता. परमुलखात आपल्याच माणसाकडे चाकरी केली तर चार पैसे जास्त मिळतात की कमी, हा प्रश्न चायनाटाउनमध्ये प्रत्येक पिढीला पडला आणि प्रत्येक पिढीचं उत्तर वेगळं निघालं.

सुरुवात १८८२पासून करावी लागते. त्या वर्षी अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायला कायद्याने बंदी केली. एखाद्या देशाचं नाव घेऊन तिथल्या मजुरांना दार बंद करणारा तो पहिला अमेरिकी कायदा. त्याआधी क्वांगतुंग प्रांतातून आलेल्या चिनी मजुरांनी पश्चिमेकडे सोन्याच्या खाणी खणल्या होत्या, डोंगर फोडून रेल्वे नेली होती. पुढे मंदी आली, गोऱ्या कामगारांनी चिन्यांच्या वस्त्यांवर हल्ले सुरू केले, तेव्हा त्यांच्यातले काही पूर्वेला सरकले. न्यू यॉर्कमध्ये मॉट स्ट्रीटच्या आसपास वस्ती झाली ती जवळजवळ निव्वळ पुरुषांची. मजुराला बायको आणता येत नव्हती, नागरिकत्व मिळत नव्हतं. उरले दोन धंदे, कपडे धुण्याचा आणि खानावळीचा. या दोन्ही कामांवर कुठल्या गोऱ्या कामगाराचा डोळा नव्हता, म्हणून ते त्यांच्या वाट्याला आले. चिन्यांना इस्त्रीची उपजत आवड होती, असं काही नाही.

लाँड्रीवाल्याला मालक म्हणायचं की मजूर, हे ठरवणं अवघड आहे. दुकान त्याचं, पण झोपायचं दुकानाच्या मागच्या खोलीत आणि राबायचं पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत. भांडवल बँकेकडून मिळत नसे. एका आडनावाचे, एका गावचे लोक भिशी लावत. बोलीत जास्त सूट देईल त्याने रक्कम उचलायची. आपल्याकडच्या लिलाव-भिशीत बसलेल्या कुणालाही हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही. दुकान उभं राहायचं ते अशा विश्वासाच्या पैशावर. मात्र त्या विश्वासाला मालकही होते. वस्तीचा कारभार चायनीज कन्सॉलिडेटेड बेनेव्होलंट असोसिएशन या पंचायतीच्या हाती होता आणि पंचायत व्यापाऱ्यांच्या हाती. १९३३मध्ये महापालिकेने लाँड्रीला वर्षाला २५ डॉलर परवाना शुल्क आणि १,००० डॉलरचा जामीन लावायचा घाट घातला. मोठ्या यांत्रिक लाँड्र्यांना हे सहज परवडणारं होतं. एकट्याच्या दुकानाला टाळंच लागलं असतं. पंचायतीने प्रश्न हाती घेतला तो वर्गणीपासून. वैतागलेल्या लाँड्रीवाल्यांनी स्वतःची वेगळी संघटना काढली, वकील लावला, आणि शुल्क १० डॉलरवर व जामीन १०० डॉलरवर आणून दाखवला. वस्तीतल्या बड्यांना वगळून छोट्यांनी स्वतःच्या मिळकतीची लढाई स्वतः जिंकली, याचं चायनाटाउनमधलं हे एक ठळक उदाहरण.

खानावळींची गोष्ट याहून गमतीची. १८८२च्या कायद्यात व्यापाऱ्याला सूट होती. तो ये-जा करू शकत होता आणि बायकापोरांना आणू शकत होता. १९१५मध्ये एका न्यायालयीन निकालाने हॉटेलमालकही या सवलतीत बसला. अट अशी की हॉटेल बऱ्या दर्जाचं हवं, त्यात भागीदाराचं भांडवल हवं आणि त्याने स्वयंपाक, वाढपीपणा, गल्ल्यावरची नोकरी असली कामं करता कामा नयेत. मग दहा-पंधरा जणांनी पैसे घालून हॉटेल काढायचं आणि एकेकाने पाळीपाळीने व्यवस्थापक म्हणून मिरवायचं, अशी तोड निघाली. पाळी संपली की साहेब पुन्हा कामाला. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेच्या शहराशहरांत ‘चॉप सुई’ची हॉटेलं भराभर निघाली, त्यामागे गोऱ्या गिऱ्हाइकांच्या जिभेइतकाच हा कायदाही होता. मालकीच्या त्या वाट्यातून नफा किती येई, हा दुय्यम मुद्दा. गावाकडची बायको बोटीत बसू शकेल, हीच त्यावरची खरी कमाई.

ही बंदी १९४३मध्ये उठली. चीन तेव्हा जपानविरुद्धच्या युद्धात अमेरिकेचा दोस्त होता, म्हणून. आणि उठली तीही वर्षाला १०५ माणसांचा कोटा देऊन. खरं दार उघडलं ते १९६५च्या कायद्याने. १९६८पासून तो पूर्णपणे अमलात आला, पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला वर्षाला २० हजार व्हिसांची मर्यादा मिळाली आणि कुटुंब एकत्र आणण्याला प्राधान्य. म्हाताऱ्या पुरुषांच्या या वस्तीत हाँगकाँगमार्गे बायका आणि मुलं येऊ लागली. हॉटेलातल्या एका पगारात मॅनहॅटनमधलं घर चालेना, आणि इंग्रजी न येणाऱ्या बाईला वस्तीबाहेर काम मिळेना.

ही निकड आणि वस्तीच्या उत्तरेकडच्या रिकाम्या पडत चाललेल्या इमारती यांची वेळ जुळून आली. सेंटर, लाफायेट, वॉकर या रस्त्यांवर जुन्या कारखान्यांचे उंच छताचे मजले स्वस्त भाड्याने मिळू लागले होते. तिथून सातव्या अव्हेन्यूवरचा कपड्यांचा बाजार जवळ होता. तिथले कारखानदार डिझाइन ठरवत, कापड घेत, डिपार्टमेंट स्टोअरना माल विकत. शिवून घेत मात्र ठेकेदाराकडून. साधा, एकाच धाटणीचा माल दक्षिणेकडच्या राज्यांत आणि परदेशात जाऊ लागला होता. पण एखादा स्कर्ट अचानक खपू लागला आणि दोन आठवड्यांत आणखी हजारो हवे झाले, तर ते शहरातच शिवून घ्यावे लागत. ही घाईगर्दीची कामं चायनाटाउनने उचलली. १९६०मध्ये हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे शिलाई कारखाने होते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते ४००-५०० झाले आणि त्यांत सुमारे २० हजार माणसं होती.

शहराने हे एकदा पाहिलं होतं. थोडं पूर्वेला, लोअर ईस्ट साइडला, विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यू मालक ज्यू पोरींकडून ब्लाउज शिवून घेत होते. दोघं एकाच मुलखातून आलेले, यिडिश बोलणारे. कधीकधी तर गावही एक. २२ नोव्हेंबर १९०९च्या रात्री कूपर युनियनच्या सभागृहात क्लारा लेमलिच या तरुण कामगार मुलीने यिडिशमधून सार्वत्रिक संपाची हाक दिली आणि जवळपास २० हजार शिवणकामगार बाहेर पडले. लहान मालकांनी पटापट सह्या केल्या. ट्रँगल कंपनीच्या दोघा मालकांनी मात्र युनियनला मान्यता दिली नाही. तेही ज्यू स्थलांतरितच होते. २५ मार्च १९११ला त्यांच्या कारखान्याला आग लागली. जिन्याचं दार कुलूपबंद होतं. १४६ कामगार गेले. बहुतेक ज्यू आणि इटालियन तरुणी. याच उलथापालथीतून इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियन बळकट झाली. पुढे चायनाटाउनच्या बायका सभासद झाल्या त्या याच युनियनच्या, ‘लोकल २३-२५’ या शाखेच्या.

झाल्या कशा, तेही सांगायला हवं. युनियनने सातव्या अव्हेन्यूवरच्या कारखानदारांशी करार केले होते की काम देतील ते युनियनच्याच ठेकेदाराला. काम हवं म्हणून चिनी मालक युनियनमध्ये आले आणि मालकापाठोपाठ कामगार. कित्येकींचा युनियनशी संबंध म्हणजे पगारातून कापली जाणारी वर्गणी आणि पाकिटातलं आरोग्यविम्याचं कार्ड, इतकाच. युनियन वरून खाली आली होती. तिचे पुढारी गोरे होते आणि चिनी बायकांकडे आज्ञाधारक म्हणून बघण्यात तेही मालकांच्या मागे नव्हते.

कारखान्यात शिरलं की वाफ, तंतूंची धूळ आणि मशीनचा घरघराट. मजुरी नगावर. शिवणाऱ्या बायका; इस्त्रीवाले आणि कटर बहुधा पुरुष, आणि त्यांची कमाई जास्त. लोंबते धागे कापायला म्हाताऱ्या आज्या बसत. शाळा सुटली की मुलं मशीनशेजारी येऊन अभ्यास करत, बटणं मोजत. १९८२मध्ये अमेरिकेतलं किमान वेतन ताशी ३.३५ डॉलर होतं. नगाचा दर बरा असेल आणि हात चालत असेल तर बाई त्याच्या वर जाई. बाई नवखी किंवा डिझाइन नवी असेल तर खाली राही. दर मालकाने ठरवायचा, बायकांनी कुरकुर करायची, दोन सेंट वाढायचे. काही मालक पगाराचा एक भाग चेकने आणि बाकीचा रोख देत. कर चुकला म्हणून दोघंही गप्प.

बाहेरून पाहणाऱ्याला हे सरळसरळ शोषण दिसे. ते होतंही. पण बायकांच्या हिशेबात आणखी काही रकाने होते. तापलेल्या मुलाला आणायला दुपारी दोनला उठून जाता येत होतं. चार तासांनी परत येऊन रात्री आठपर्यंत बसता येत होतं. नवऱ्याच्या हॉटेलात आठवड्याचे सहा दिवस, रोज दहा-बारा तास काम आणि विमा शून्य. घरातलं एकुलतं विम्याचं कार्ड बाईच्या नावावर होतं आणि त्यावर नवऱ्याची, मुलांची औषधं निघत. मजुरी कमी असूनही बायका युनियनचा कारखाना सोडत नव्हत्या, त्याचं मोठं कारण हे कार्ड होतं. हॉटेलवाल्यांची अवस्था त्यांच्या डोळ्यांपुढेच होती. १९८०मध्ये बावरीवरच्या सिल्व्हर पॅलेस या भल्यामोठ्या हॉटेलात वेटरांच्या टीपमधला वाटा मालकांना हवा झाला. विरोध करणाऱ्यांना काढलं, तेव्हा वेटरांनी संप करून आपली स्वतंत्र युनियन उभी केली. मालकाशी जातभाईपणा कुठे संपतो, याची चर्चा घराघरांत आधीच झाली होती.

आता मालकाचा हिशेब. यातले बरेच जण काल-परवापर्यंत इस्त्रीवाले, कटर किंवा वेटर होते. दोन-तीन भागीदार, जुनी मशीनं, भिशीचे पैसे, घरातल्या बायकांची मेहनत. सुरू करणं सोपं म्हणून रोज नवा प्रतिस्पर्धी. सातव्या अव्हेन्यूवरचा कारखानदार एका स्कर्टचा दर सांगे; याने नाही म्हटलं तर खालच्या मजल्यावरचा हो म्हणे. भाडं वाढत होतं, कारण हाँगकाँगचा पैसा चायनाटाउनच्या जागांत उतरू लागला होता. अशा मालकाला पैसे वाचवायची एकच जागा मोकळी होती, खाली, आपल्या कामगारांकडे. बायकांना तो कधी शेजारी म्हणून दिसे, कधी दूरचा नातलग म्हणून. तो श्रीमंत झाला असं फार थोड्यांच्या बाबतीत झालं. कित्येक कारखाने वर्ष-दोन वर्षांत बुडाले. पण यशस्वी झाला तर इस्त्रीच्या टेबलावरून उठून क्वीन्समध्ये घर घेता येई. मशीनवरच्या बाईला ती वाट जवळजवळ बंदच होती.

१९८२च्या करारावर आधी कारखानदारांशी बोलणी झाली आणि मग ठेकेदारांच्या संघटनेशी. त्या संघटनेत चिनी ठेकेदारांचा भरणा होता, पण वाटाघाटीला बसलेल्यांत चिनी माणूस नव्हता. चिनी मालक दुखावले, आणि त्यांचं दुखणं खोटं नव्हतं. फक्त त्यांनी त्याचं औषध चुकीच्या ठिकाणी शोधलं. वाढीव सुट्ट्या आणि लाभ नाकारून वस्तीचा स्वाभिमान कसा जपला जातो, हे बायकांना पटलं नाही.

केटी क्वान, शुई माक का, अॅलिस इप यांच्यासारख्या चिनी कार्यकर्त्या आणि त्यांच्या बरोबरीने शेकडो सामान्य शिलाईवाल्या कामाला लागल्या. रात्री घरी फोन करायचे, पत्रकं चिनीतून काढायची, कारखान्याच्या जिन्यात उभं राहून बोलायचं. रेडिओवरून, वर्तमानपत्रांतून उत्तरं द्यायची. युनियनच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनाही खात्री नव्हती. २४ जूनला पार्क भरला, तेव्हा सगळ्यात जास्त चकित तेच झाले. डोक्यावर युनियनच्या टोप्या, हातात दोन भाषांतले फलक, आणि सभेनंतर मॉट स्ट्रीटच्या अरुंद गल्ल्यांतून मोर्चा. बहुतेक मालकांनी लगोलग सह्या केल्या. उरलेल्यांसाठी २९ जूनला संप करून पुन्हा सभा आणि मोर्चा झाला. त्या दिवसाच्या काही तासांत तेही आले.

त्याच वर्षी जानेवारीपासून मुंबईच्या कापडगिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर होते. तो संप वर्षाहून जास्त चालला आणि रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. न्यू यॉर्कच्या बायकांना तासांत जे मिळालं ते गिरणगावाला मिळालं नाही, यात हिमतीचा फरक नव्हता. गिरणीमालक थांबू शकत होता. काहींना तर थांबणं सोयीचंच होतं. चायनाटाउनचा ठेकेदार थांबू शकत नव्हता. त्याच्या मजल्यावर दुसऱ्याचं कापड पडलेलं, माल आठवड्यात द्यायचा, आणि सही नसेल तर युनियनशी बांधलेला कारखानदार पुढचं काम देणार नाही. ज्या कमकुवतपणामुळे तो मजुरी दाबत होता, त्याच कमकुवतपणामुळे तो हरला.

विजयानंतर मजुरीत मोठी क्रांती झाली नाही. बदल झाला तो इतरत्र. मशीनखाली झोपणाऱ्या मुलांसाठी पाळणाघर हवं, ही मागणी बायका कित्येक वर्षं करत होत्या. युनियन आणि मालक दोघंही ती टोलवत. संपानंतर दोन वर्षांच्या आत युनियन, शहर आणि मालक यांच्या पैशाने पाळणाघर सुरू झालं. चिनी बोलणाऱ्या बायका युनियनमध्ये पगारी पदांवर गेल्या. इतिहासकार शाओलान बाओ यांनी पुढे शंभराहून जास्त मुलाखती घेऊन या बायकांवर ग्रंथ लिहिला. त्यातून दिसतं ते असं की संपाने घरातलंही वजन बदललं.

जमीन मात्र पायाखालून सरकत होती. भाडी चढली तसे कारखाने ब्रुकलिनच्या सनसेट पार्ककडे गेले, तिथे युनियनचा हात पोचेना. फूच्येन प्रांतातून, फूचौच्या परिसरातून नवे लोक येऊ लागले, चोरट्या मार्गाने आणि दलालाचं हजारो डॉलरचं कर्ज डोक्यावर घेऊन. ६ जून १९९३ला ‘गोल्डन व्हेंचर’ नावाचं जहाज २८६ जणांना घेऊन क्वीन्सच्या किनाऱ्यावर रुतलं, दहा जण मेले, तेव्हा हा व्यापार सगळ्या शहराला दिसला. कर्ज फेडायचं असलेला माणूस दर विचारत नाही. नव्वदच्या दशकात मजुरी बुडवणं हाच काही मालकांचा धंदा झाला. कित्येक आठवड्यांचा पगार थकवायचा, रातोरात शटर ओढायचं, महिन्याने दुसऱ्या नावाने पलीकडच्या गल्लीत उघडायचं. कामगार कोर्टात गेले, तर मालकाच्या नावावर काही सापडेना. १९९७मध्ये न्यू यॉर्क राज्याने थकीत मजुरीविरुद्ध कडक कायदा केला, त्यामागे याच कामगारांच्या तक्रारी होत्या. दरम्यान माल मेक्सिकोला, नंतर खुद्द चीनला जाऊ लागला. ११ सप्टेंबर २००१नंतर चायनाटाउनचे रस्ते बंद झाले, ट्रक येईनात, तेव्हा आधीच खिळखिळे झालेले कितीतरी कारखाने पुन्हा उघडलेच नाहीत. २००५च्या पहिल्या दिवशी कपड्यांच्या आयातीवरचे जुने जागतिक कोटे संपले.

आपल्याच माणसाकडे चाकरी केली तर जास्त मिळतं की कमी, या सुरुवातीच्या प्रश्नावर विद्वानांचा वाद रंगला तो १९८०च्या दशकात. १९८०मध्ये केनेथ विल्सन आणि अलेहांद्रो पोर्तेस यांनी मायामीतल्या क्यूबन स्थलांतरितांचा अभ्यास करून मांडलं की आपल्या माणसांच्या अर्थव्यवस्थेत काम करणाऱ्यालाही शिक्षण-अनुभवाचं मोल मिळतं. बाहेरच्या तळाच्या नोकऱ्यांत ते मिळत नाही. १९८७मध्ये जिमी सँडर्स आणि व्हिक्टर नी यांनी उलट दाखवलं: फायदा मालकांना, कामगारांना नाही. दोन वर्षांनी मिन झोउ आणि जॉन लोगन यांनी न्यू यॉर्कच्या चायनाटाउनचे आकडे तपासले. पुरुषांच्या बाबतीत शिक्षणाने, अनुभवाने कमाई वाढत होती. बायकांच्या बाबतीत काही केल्या वाढताना दिसेना. शाळा शिकलेली असो वा नसो, मशीनवर बसली की दर नगाचाच.

आकडे खरे आहेत, आणि कोलंबस पार्कमधल्या बायकांना ते कुणी सांगायची गरज नव्हती. पण हे संशोधन बहुतांशी १९८०च्या जनगणनेवर उभं आहे, आणि त्या जनगणनेच्या फॉर्मवर मिळकत विचारली होती, आरोग्यविमा विचारला नव्हता. नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि मुलांच्या दवाखान्याची बिलं ज्या कार्डावर निघत, ते कार्ड मिळकतीच्या त्या रकान्यात कुठेच नोंदलं गेलं नाही. हातात रोख पडलेले डॉलर तरी तिथे सगळे नोंदले गेले असतील का, शंकाच आहे.